बटणाचं घर

मैत्रिणींनो, शाळेला निघालेल्या मुलाच्या शर्टाचं बटण तुटलं की घरात केवढा गोंधळ उडतो, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. सुई सापडत नाही, सुई सापडली तर पांढरा दोरा सापडत नाही, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. पण ज्या काजात ते बटण अडकतं, त्या काजाच्या नावाने कुणी ओरडल्याचं ऐकलंय? मलाही आठवत नाही. बटण दिसतं, चमकतं, तुटून हातात येतं. काज म्हणजे काय, तर कापडातली एक चीर. ती काम करत राहते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी जळकोटची. लातूर जिल्ह्यात उदगीर आणि कंधार यांच्या मधोमध असलेलं आमचं गाव १९९९ साली तालुक्याचं ठिकाण झालं. बचत गटांच्या निमित्ताने माझं गल्लोगल्ली आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर जाणं-येणं असतं. खुरपणी, सोयाबीनची काढणी, तुरीची रास असली की बायका रानात. रानातलं काम संपलं की दुपारच्या वेळी कितीतरी उंबऱ्यांवर एकच चित्र दिसतं. मांडीवर कुणाचे तरी शर्ट नाहीतर ब्लाऊज, शेजारी दोऱ्याचं रीळ आणि मान खाली. शिवणारा टेलर बाजारात बसलेला असतो. त्याच्याकडून कपडे घरी येतात ते काज, बटण, हुक आणि हातशिलाईसाठी. या कामाला आमच्याकडे एकच जोडशब्द आहे, काज-बटण. आज या जोडीतल्या पहिल्या शब्दाबद्दल लिहायचं आहे.

बी. ए.ला मराठी होतं, त्यामुळे शब्दाच्या मागे लागायची खोड मला तेव्हापासूनची. कामकाजातलं 'काज' आपल्याला माहीत आहे. ते संस्कृतातल्या 'कार्य' शब्दावरून आलं. शर्टाचं काज मात्र त्या घरातलं नाही. ते आलं पोर्तुगीज 'काझा' या शब्दावरून, आणि 'काझा' म्हणजे चक्क घर! पोर्तुगीज माणूस बटणाच्या भोकाला बटणाचं घर म्हणतो. गोवा-वसईच्या किनाऱ्यावरून हा शब्द कोकणीत आणि मराठीत शिरला आणि आपण त्याचं काज केलं. बटाटा, पाव, चावी हे शब्दही असेच त्यांच्याकडून आले. आणि हो, 'पगार'सुद्धा! काज आणि पगार हे दोन्ही शब्द एकाच बंदरावर उतरले म्हणायचे. पण काज करणाऱ्या बाईची आणि पगाराची गाठ अजून पडायची आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

काज यायच्या आधी आपल्याकडे कपडे बंद कसे करत? नावातच उत्तर आहे, बंदाने. बाराबंदी म्हणजे बारा बंदांचा अंगरखा. नाड्या बांधल्या की झालं. आपल्या आज्या-पणज्यांच्या चोळीला बटण नव्हतं, समोर गाठ मारायची. कुठे कापडाची गुंडी आणि दोऱ्याचा फास असे. तसं पाहिलं तर बटण फार जुनं आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात शंखाची बटणं सापडली आहेत, पण ती बहुतेक शोभेची असावीत असं जाणकार म्हणतात. बटण अडकवायला कापडात पक्क्या कडांचं भोक करायचं, ही गोष्ट युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास रुळली आणि कपड्याचा आकारच बदलला. अंगाबरोबर बसणारे, पुढून उघडणारे कपडे शिवता येऊ लागले. बटण होतं तरी एवढा बदल झाला नव्हता, तो झाला काजामुळे.

आमचा भाग निजामाच्या राज्यातला, त्यामुळे शेरवानी इथल्या लोकांना अनोळखी नाही. गळ्यापासून खाली एका ओळीत बटणं, म्हणजे तेवढीच काजंही. शेतकऱ्यांच्या घरी नेहरू शर्टाला लग्नकार्यात चांदीच्या बटणांची साखळी लावत. ही बटणं शिवलेली नसतात, काढ-घाल करायची असतात. म्हणून अशा शर्टाला पट्टीच्या दोन्ही बाजूंना काजं लागतात. तुमच्या घरी आजोबांचा असा एखादा सदरा असेल तर उघडून बघा. साखळी मोडीत गेली असेल, पण काजं अजून जागेवर असतील.

हाताने काज कसं करतात, ते आता सांगते. शिवणक्लासच्या वहीत दोन ओळीत संपणारा हा विषय प्रत्यक्षात बोटांची परीक्षा घेणारा आहे.

आधी माप. काजाची लांबी म्हणजे बटणाची रुंदी अधिक बटणाची जाडी. बारा मिलिमीटरचं, तीन मिलिमीटर जाड बटण असेल तर काज पंधरा मिलिमीटरचं. फुगीर बटणाला आणखी थोडं जास्त. काज लहान झालं तर बटण घालताना कापड ओढलं जातं, आणि मोठं झालं तर बटण आपोआप सुटतं. मग जागा. ब्लाऊजला किंवा कुर्त्याला समोर काजं करायची असतील तर पहिलं काज गळ्याशी न आखता छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर आखावं आणि बाकीची त्याच्या वर-खाली सारख्या अंतरावर वाटून घ्यावीत. बसल्यावर दोन बटणांच्या मधे कपडा उघडा पडतो, अशी तक्रार आपण बायका नेहमी करतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा या आखणीत असतं.

जिथे काज येणार तिथे कापड दुहेरी हवं, आणि आत बकरम किंवा कॅनव्हासची पट्टी हवी. एकेरी कापडावरचं काज टिकत नाही. खडूची रेघ मारून तिच्या भोवती बारीक धावदोरा घालायचा, म्हणजे थर सरकत नाहीत. मग धारदार, टोकदार कात्रीने रेघेवर चीर द्यायची, अगदी कापडाच्या धाग्याला धागा धरून. तिरकी गेली की काज वाकडं झालंच. कापलेल्या कडा उसवू नयेत म्हणून त्यांवर भराभर सुटे टाके घालून घ्यायचे. आणि मग खरा काजटाका. सुई चिरेतून खाली घालून कडेपासून थोड्या अंतरावर वर काढायची. ती पूर्ण ओढण्याआधी नेढ्याकडचा दोरा सुईच्या टोकाखालून फिरवून घ्यायचा आणि मग सुई वर ओढायची. असं केलं की प्रत्येक टाक्याला एक छोटी गाठ पडते आणि ती नेमकी कापलेल्या कडेवर बसते. गोधडीच्या काठाला आपण घालतो तो टाका दिसायला असाच असतो, पण त्यात ही गाठ नसते. बटण रोज घासतं ते या गाठींवर, कापडावर नाही. काजाची सगळी ताकद त्या गाठींत आहे.

टाक्याला टाका लागून, सगळे एका उंचीचे. बटण ज्या टोकाला टेकतं तिथे टाके पंख्यासारखे गोल फिरवायचे, दुसऱ्या टोकाला दोन-तीन आडवे टाके घेऊन ते बांधून टाकायचं. दोऱ्याला थोडं मेण लावलं तर तो पिळत नाही. आणि एका काजाला एकच दोरा घ्यायचा, मधे जोड आला की तिथे काज अधू होतं. आमच्या गटातल्या एक मावशी हात पसरून, छातीपासून बोटाच्या टोकापर्यंत दोरा मोजून घेतात. "एवढ्यात एक काज बसतंय बगा," म्हणतात. त्यांनी कधी पट्टी हातात धरलेली मी पाहिली नाही.

ब्लाऊजच्या हुकासाठी दोऱ्याचं जे छोटं घर करतो, तेही खरं तर काजच. दोन-तीन दोरे आडवे घेऊन त्यांच्यावर हाच टाका भरत जायचं. बाजारात धातूचे आयते आकडे मिळतात, टिचबटणं मिळतात, पण दोऱ्याचं घर अंगाला टोचत नाही आणि गंजत नाही. म्हणून अजून बहुतेक बायका तेच मागतात.

आता शर्ट हातात घ्या आणि एक गंमत पाहा. पुढच्या पट्टीवरची काजं उभी असतात, कॉलरचं मात्र आडवं. पट्टी अरुंद, तिच्यावर उभं काजच नीट मावतं आणि शर्ट एका सरळ रेषेत राहतो. कॉलरला ताण आडवा येतो. काज आडवं असलं की ताण आल्यावर बटण त्याच्या टोकाशी जाऊन टेकतं, गळा थोडा सैल होतो आणि बटण सुटत नाही. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या बाजूला आणि बायकांच्या कपड्याला उजव्या बाजूला, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. का, याच्या कथा पुष्कळ. कुणी तलवारीवर ढकलतं, कुणी श्रीमंत बायकांना कपडे चढवणाऱ्या दासींवर. सिद्ध कुठलीच झालेली नाही. पद्धत पडली ती पडली!

तुम्ही म्हणाल, आता हाताने कोण करतंय, मशीन आहे की. खरं आहे. १८६२ मध्ये अमेरिकेत हेन्री हाउस नावाच्या माणसाने काज शिवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 'हाउस' म्हणजे घर, हा योगायोगच म्हणायचा! पुढे १८८१ मध्ये बोस्टनच्या जॉन रीस यांनी कारखान्यात चालेल असं वेगवान यंत्र आणलं. तयार कपड्यांचा धंदा वाढला त्यात या यंत्रांचा वाटा मोठा. आजच्या कारखान्यातल्या मशीनवर पापणी लवते न लवते तोच काज तयार होतं. मशीनची एक उलटी रीत आहे. हाताने करताना आधी कापायचं आणि मग शिवायचं. शर्टाचं काज करणारं नेहमीचं मशीन आधी चारी बाजूंनी शिवतं आणि शेवटी सुरी पडून मधली चीर कापली जाते. घरच्या झिगझॅग मशीनवरही तसंच. तिथे चीर आपण स्वतः द्यायची असते. ती देताना काजाच्या दोन्ही टोकांना एकेक टाचणी आडवी लावून ठेवावी, म्हणजे कात्री पुढे जाऊन टोकाचे टाके कापत नाही. पिको-फॉलची पाटी लावलेल्या दुकानांत जे मशीन असतं, ते हेच.

स्वस्त तयार शर्टात कधी कधी काजाचा एक दोरा सुटतो, आपण तो ओढतो आणि सगळं काज सरसर उसवत जातं. ते एकाच दोऱ्याच्या साखळीचं काज असतं. घेतानाच काजाची उलटी बाजू बघावी. सुटी टोकं लोंबत असतील तर ती ओढू नयेत. कात्रीने छाटून, घरी आल्यावर आतल्या बाजूने सुईने चार टाके घालून ठेवावेत.

मग आमच्या गावात मांडीवर शर्ट घेऊन बसलेल्या बायका कशासाठी? तर काजाचं मशीन प्रत्येक टेलरकडे नसतं. ज्याच्याकडे साधं पायमशीन आहे, त्याला काजं बाहेरून करून घ्यावी लागतात. ब्लाऊजची हुकांची घरं आणि आतली हातशिलाई तर हातानेच करायची. टेलरच्या दृष्टीने हे 'वरचं काम'. शिवणारा तो, माप घेणारा तो, पाटीवर नाव त्याचं. वरचं काम ज्या बाईकडे जातं, तिचं नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. पैसे नगावर. किती नग झाले ते तिच्या डोक्यात, टेलरच्या वहीत असले तर असले.

या बायकांची नावं ई-श्रम पोर्टलवर नोंदवायचं काम काही दिवस मी केलं. असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये हे पोर्टल सुरू केलं. १६ ते ५९ वयाच्या, भविष्यनिर्वाह निधी वगैरे नसलेल्या कामगारांना त्यात बारा अंकी क्रमांक मिळतो. एका घरी अर्ज भरताना मी विचारलं, "वहिनी, व्यवसाय काय लिहू?"

"कशाचा व्यवसाय ताई? मी कुठं काय करते, घरीच असते की."

हे बोलताना त्यांच्या मांडीवर शर्ट होता आणि शेजारी पाच घडी करून ठेवलेले. मी त्या शर्टांकडे बोट दाखवलं.

"आवं, हे काय काम हाय व्हय? बसल्या बसल्या करायचं."

हे वाक्य मी त्या एका महिन्यात इतक्या घरांत ऐकलं की मोजायचं सोडून दिलं. पापड लाटणारी, वाती वळणारी, काज करणारी, सगळ्यांचं उत्तर एकच, घरीच असते. बसून केलेलं काम हे काम नव्हे, उंबऱ्याच्या आत केलेलं तर नव्हेच नव्हे, हे आपल्या हाडीमासी इतकं भिनलं आहे की सांगणारी बाईच स्वतःला रिकामी म्हणते. मग टेलरला तिने दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा?

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत एक साधी गोष्ट केली. घड्याळ समोर ठेवलं आणि सगळ्यात सरावलेल्या मावशींना एक काज करायला सांगितलं. चीर देण्यापासून दोरा तोडेपर्यंत दहा मिनिटं लागली. बाकीच्या बायकांना त्याहून जास्त. आता लांब बाह्यांच्या शर्टाचा हिशेब करा. कॉलरचं एक, पट्टीची सहा, मनगटाची दोन. नऊ काजं म्हणजे नव्वद मिनिटं. बटणं लावायचा वेळ वेगळा. दीड तासाचं काम, तेही मान न उचलता! बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकीने रानातल्या रोजाशी तुलना केली. दुसरी म्हणाली, "म्हणजे मी रोज चार-पाच तास कामच करलाले की!" त्या दिवशी मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिने फक्त घड्याळात पाहिलं होतं.

हाच हिशेब सरकारी कामातही करावा लागतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातल्या सरकारी शाळांच्या मोफत गणवेशाची पद्धत बदलली. कापड राज्य पातळीवर घ्यायचं आणि शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यायची असं ठरलं. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे आपलं 'माविम' त्यात होतं. गटांना काम मिळणार, ही गोष्ट चांगलीच होती. शिलाईचा दर होता एका गणवेशाला १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उजाडला तरी गणवेश मुलांच्या अंगावर आले नाहीत आणि वर्तमानपत्रांत टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आलं. उशिराची कारणं अनेक होती. मला त्यातली काजाची बाजू दिसते. शर्टाला सहा-सात काजं, पँटला एक. हाताने करायची म्हटली तर नुसत्या काजांनाच तासाच्या वर वेळ. शेकडो गणवेशांना ते जमणारच नाही, म्हणजे मशीन हवं. खेड्यातल्या गटाकडे पायमशीन असतं, काजाचं मशीन नसतं. मग कपड्यांचं गाठोडं घेऊन तालुक्याला जा, दर काजामागे पैसे मोजा, जाण्या-येण्याचं भाडं द्या. हे सगळं त्या ११० रुपयांतून. दर ठरवताना कापड, टीप, कटाई यांचा विचार होतो. कपड्यातल्या चिरेला किती वेळ लागतो, हे विचारलं जात नाही.

काजाचा आणखी एक पैसा बाई भरते, तो डोळ्यांनी. चाळिशी आली की जवळचं धूसर दिसायला लागतं. हा आजार नव्हे, वयाचा भाग आहे. पण पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची गाठ दिसेनाशी झाली की बाई काम सोडून देते आणि म्हणते, "आता होत नाही." २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आसामच्या चहामळ्यातला एक अभ्यास आला. चाळिशीच्या पुढच्या पत्ती तोडणाऱ्या कामगारांना जवळचा चष्मा दिला, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढलं. चहाची पत्ती तर काजाच्या गाठीपेक्षा कितीतरी मोठी! आम्ही उदगीरच्या नेत्रतपासणी शिबिराला गटातल्या बायका नेल्या. चष्मा मिळाल्यावर एक काकू घरी आल्या आणि जुनी काजं बघून हसायला लागल्या. म्हणाल्या, "हे मी अंधारात केले व्हते की काय गं!" ज्या घरात असं काम चालतं तिथल्या मुली-सुनांनी हे लक्षात ठेवावं. आईला सणाला साडी घ्याल तेव्हा आधी तिचे डोळे तपासून आणा. आणि काम दारातल्या उजेडात, पाठीला भिंत आणि मांडीवर उशी घेऊन करावं. कापड डोळ्यांजवळ आणायला मान वाकवू नये, कापडच उशीवर उंच घ्यावं.

घरात बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणायचं की नाही, यावर जगात पुष्कळ भांडण झालं आहे. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना उभी केली, ती अशाच बायकांसाठी. फेरीवाल्या, विडी वळणाऱ्या, चिंध्या शिवणाऱ्या. 'सेवा' आणि तिच्यासारख्या संघटनांच्या रेट्यामुळे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, हे त्याचं सार. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला ती मिळते. पण 'मी घरीच असते' म्हणणारी बाई या रांगेत उभीच राहत नाही. कायद्यात आणि योजनेत तिच्यासाठी जागा असली तरी आपण कामगार आहोत हे तिने सांगितल्याशिवाय ती जागा तिला मिळणार कशी?

आमच्या गटाने आता तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. तुमच्या गावातही त्या करता येतील. पहिली, प्रत्येकीची वही. तारीख, नग, काजं किती, हुक किती, पैसे किती, आणि खाली टेलरची सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वहीत नातवंडं लिहितात. दुसरी, दर बायकांनी एकत्र बसून ठरवायचा आणि तो घड्याळावरून ठरवायचा. एकीने कमी घेतलं की सगळ्यांचा दर खाली येतो, हे पटायला वेळ लागला, पण पटलं. टेलरांशी भांडण झालं नाही. त्यांचंही पोट त्यावरच आहे. एका भाऊंनी तर आपण होऊन पावतीवर शिलाई आणि काज-बटण अशा दोन वेगळ्या ओळी घालायला सुरुवात केली, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळतं. तिसरी, गटाच्या बचतीतून एक झिगझॅग मशीन घेतलं. त्यावर शाळेच्या शर्टांची काजं होतात, वार लावून. हाताची काजं नाजूक कापडासाठी आणि जास्त दराने.

आपण गिऱ्हाईकही आहोत, तेव्हा थोडं आपल्या पदरीही येतं. ब्लाऊज आणायला गेल्यावर फिटिंग बघतो, अस्तर बघतो. जाता जाता हुकांची घरं कुणी केली, एवढं विचारून बघा. चांगली असतील तर तसं सांगा. तो निरोप गल्लीतल्या त्या घरापर्यंत जातो, हे मी पाहिलं आहे. शिलाईचे वीस-पंचवीस रुपये कमी करा म्हणून आपण हट्ट धरतो, तेव्हा टेलर ते स्वतःच्या टिपेतून कापत नाही. ते वरच्या कामातून कापले जातात.

आणि तुम्ही स्वतःच काज-बटण करत असाल, तर पुढच्या वेळी कुणी कागद घेऊन दारात आलं आणि व्यवसाय विचारला, की 'घरीच असते' म्हणू नका. नाव सांगा, वय सांगा आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहायला लावा, शिवणकाम, काज आणि हातशिलाई. अक्षर त्यांचं असलं तरी वाचून घ्या आणि मगच सही करा.